चर्चा धागा: रोबोचे निदान यंत्रानेच केले, तर तंत्रज्ञाकडे काय उरेल?

वेल्डशॉप_चाकण:
चाकण पट्ट्यातील मोटार कारखान्यांत स्पॉट वेल्डिंगचे (पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणारे) रोबो सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे जाईल, असे मला वाटत नाही. मात्र त्या कामाचा जो भाग पगार ठरवतो, नेमका तोच जाईल. रोबोच्या सांध्यातील गिअर झिजू लागला की तीच हालचाल करताना मोटरवर पडणारा भार बदलतो, आणि ही माहिती रोबो चालवणाऱ्या कंट्रोलरकडे असतेच. अशा नोंदींवरून बिघाडाची पूर्वसूचना देणारी व्यवस्था रोबो बनवणारी फानुक आणि मोटारी बनवणारी जनरल मोटर्स यांनी अमेरिकेत गेल्या दशकातच राबवली. पुढची पायरी म्हणजे अलार्म, मॅन्युअल आणि जुन्या ब्रेकडाऊनच्या नोंदी वाचून कारणही प्रणालीनेच सुचवणे. निदान यंत्राकडे गेले की हातात फक्त पाना उरतो, आणि पाना फिरवणारा माणूस कंत्राटावर स्वस्तात मिळतो.

ग्रीसगन:
आपण कारखान्यातील नोंदींवर फारच विश्वास ठेवता. फानुकच्या रोबोत एन्कोडरची, म्हणजे मोटरची स्थिती मोजणाऱ्या भागाची, बॅटरी कंट्रोलर चालू असतानाच बदलावी लागते. तो बंद असताना जुनी बॅटरी काढली, तर रोबो आपली शून्य स्थिती विसरतो आणि मास्टरिंग, म्हणजे ती स्थिती नव्याने ठरवणे, पुन्हा करावे लागते. ते घाईत किंचित चुकले, तर अलार्म येत नाही, प्रणालीच्या लेखी सर्व काही ठीक असते आणि स्पॉट मात्र पत्र्याच्या कडेला सरकलेले असतात. हे पत्रा पाहणाऱ्याला कळते. केबलचेही तसेच आहे: ती आतून तुटत आली असेल, तर हात विशिष्ट कोनात वळल्यावरच संपर्क जातो, अलार्म एन्कोडरचा येतो आणि नवशिका थेट मोटर बदलायला निघतो.

वेल्डशॉप_चाकण:
केबलचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. अलार्म प्रत्येक वेळी प्रोग्रॅमच्या त्याच ओळीवर येतो, हे माणसाच्या ध्यानात यायला चार पाळ्या जातात, तर नोंदी चाळणाऱ्या प्रणालीला क्षणही लागत नाही. मास्टरिंगबद्दल मात्र आपले म्हणणे मान्य आहे. तूर्त तरी, कारण स्पॉट तपासणारे कॅमेरे काही ठिकाणी आलेच आहेत.

निदेशक_आयटीआय:
आपण दोघेही तयार तंत्रज्ञ गृहीत धरून बोलत आहात. अप्रेंटिस मुलगा रात्रपाळीच्या ब्रेकडाऊनमध्ये, लाइन थांबलेली असताना आणि वरिष्ठ ओरडत असताना शिकतो. उत्तर पडद्यावर मिळू लागले तर तो भाग बदलेल, पण तो का बदलला हे त्याला सांगता येणार नाही. दुसरीकडे, इंग्रजी मॅन्युअलपाशी अडणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना अलार्मचा अर्थ मराठीत समजावणारे साधन मिळाले, तर ते मला हवेच आहे.

ग्रीसगन:
मग जबाबदारीचे काय? प्रणालीच्या सल्ल्याने मोटर बदलली आणि लाइन तरीही उभीच राहिली, तर ‘व्हाय-व्हाय’च्या, म्हणजे ‘का घडले’ हे पुन्हा पुन्हा विचारून मूळ कारण शोधण्याच्या, कागदावर सही तंत्रज्ञाचीच मागितली जाईल. तसे असेल, तर तो सल्ला नाकारण्याचा अधिकार आणि त्याचा मोबदलाही त्यालाच मिळावा, ही मागणी युनियनने पुढच्या वेतनकरारातच मांडावी.

वेल्डशॉप_चाकण:
मागणी रास्त आहे. पण ज्याच्या हाती पाना जाणार आहे, तो कंत्राटी कामगार त्या वेतनकरारात बसतच नाही.