केळीच्या पानातला आरएनए रावेरहून जळगावपर्यंत कसा टिकवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रावेर-यावलच्या मृग बागांमधून (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या) सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे आपल्याकडचा हरण्या रोग, झालेल्या केळीची पानं आणायची आहेत. पानात विषाणू आहे का, हे आरटी-पीसीआरने बघायचंय, त्याची फार चिंता नाही. धास्ती आहे ती दुसऱ्या कामाची. निरोगी आणि रोगट झाडात संरक्षणाची जनुकं किती चालू आहेत ते त्यांच्या आरएनएवरून मोजायचंय. पान कापलं की झाड जखमेला प्रतिसाद देऊ लागतं, पेशी फुटल्या की त्यांच्यातलीच आरएनएज नावाची विकरं आरएनए तोडू लागतात. आणि नमुने ठेवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर जळगावला!

विभागात आरएनएलेटर (आरएनए टिकवून ठेवणारं द्रावण) आहे. तुकड्याची एक तरी बाजू अर्ध्या सेंमीपेक्षा कमी हवी, द्रावण ५ ते १० पट, रात्रभर ४ अंशांवर ठेवून मग उणे २० ला, हे माहीत आहे. पण केळीच्या पानावर पाण्याचा थेंबसुद्धा ठरत नाही. त्या मेणातून द्रावण आत जातं का? कोणी केळीवर वापरलंय का? की गुरांच्या कृत्रिम रेतनाला वापरतात तसं द्रव नायट्रोजनचं कंटेनर मिळवू?

शेतकरी रोगट झाड दिसलं की उपटून पुरतात, आणि तेच बरोबर आहे. त्यामुळे तोच नमुना पुन्हा मिळणार नाही.

प्रतिसाद

ताई, जनुकांच्या कामाला नायट्रोजनच घ्या. कोवळं पान, मधली शीर सोडून, फॉइलमध्ये गुंडाळून बागेतच बुडवा. कंटेनर एसटीत नेऊ नका. खाजगी गाडी करा, काचा उघड्या ठेवा आणि झाकण कधीही हवाबंद करू नका, वायूचा दाब वाढतो. प्रयोगशाळेत पान वितळू न देता नायट्रोजन ओतत खलात कुटा.

नायट्रोजन नाहीच जमला तर आरएनएलेटर चालेल, पण पानाच्या अगदी बारीक पट्ट्या करा. मेणातून नाही, कापलेल्या कडांतून द्रावण शिरतं. एकदा मुरलं की २५ अंशांवर आठवडाभर निभावतं, प्रवासाची भीती नाही. गोठलेलं पान मात्र त्यात टाकू नका.

नुसत्या विषाणू तपासणीचे तुकडे सिलिका जेलवर वाळवले तरी बहुधा भागतं.

आरएनए काढताना सीटॅब बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घाला. केळीत पॉलिफिनॉल आणि पॉलिसॅकराइड भरपूर, नाहीतर पेलेट (तळाशी बसणारा आरएनएचा साका) तपकिरी आणि चिकट येतं.