कोचीत एकच दिवस, सोबत ७३ वर्षांची आत्या: शुक्रवार की शनिवार?

सागरगोटा:

मंडळी, जरा घाईत मदत हवी आहे. तिकिटं काढून झाली, हॉटेलचे पैसे भरून झाले, आणि आता कळतंय की मी वार बघितलेच नव्हते.

झालंय असं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न आहे, त्रिशूरला, गुरुवारी सकाळी. मी जातेय म्हटल्यावर आत्या म्हणाली, "मला पण ने. कोचीन बघायचं राहिलंय." आत्या मूळची वेंगुर्ल्याची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एका गुडघ्याची वाटी बदललेली, दुसरा बदलायला आलेला. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, जिना दिसला की एकदम गप्प होते. थकले म्हणून कधी सांगत नाही, ते आपणच ओळखायचं.

गुरुवारी रात्री आम्ही एर्नाकुलमला मुक्कामाला येतो. विमान शनिवारी संध्याकाळी सातचं. म्हणजे शुक्रवार पूर्ण हातात आणि शनिवारचा अर्धा. एक दिवस फिरायचं आणि एक दिवस तिने पाय वर करून पडायचं, असं ठरवलं होतं. फोर्ट कोची, मट्टानचेरी, मासे धरायची ती चिनी जाळी, डच राजवाडा, ज्यूंचं सिनेगॉग, सगळं एका दिवसात.

काल वाचलं की राजवाडा शुक्रवारी बंद असतो. म्हटलं ठीक, शनिवारी फिरू. तर सिनेगॉग शनिवारी बंद!

प्रश्न: १) कुठल्या दिवशी जाऊ, म्हणजे कमी नुकसान होईल? २) एर्नाकुलमहून पलीकडे बोटीने न्यावं की सरळ गाडी करावी? ३) आत्या मासे खाते, शनिवार पाळते. जेवायचं काय?

"गुगल कर" म्हणणाऱ्यांना नमस्कार, तिथूनच आलेय.

खारंपाणी:

चार वर्षं कोचीत काढलीत, म्हणून लिहितो. शुक्रवारीच जा, पण उलट्या क्रमाने. सगळे आधी फोर्ट कोची करतात आणि दुपारी मट्टानचेरीला पोचतात. तुम्ही सकाळी दहाला थेट सिनेगॉग गाठा. शुक्रवारी दुपारनंतर त्याचा भरवसा नाही, सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो. १५६८ सालचं आहे. खाली बघत चाला, फरशा चिनी मातीच्या, निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या आहेत. चपला बाहेर काढायच्या, त्यामुळे आत्यांना मोजे द्या, फरशी गार लागते.

राजवाडा तिथून हाकेच्या अंतरावर. बांधला पोर्तुगिजांनी, राजाला दिला, पुढे १६६३ नंतर डचांनी डागडुजी केली आणि नाव मात्र डचांचं लागलं. आत भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, ती बघण्यासारखी आहेतच. पण दालनं वरच्या मजल्यावर आहेत, जिना चढावा लागतो. म्हणून म्हणतो, दोन्हीतलं एक सोडायचंच तर राजवाडा सोडा.

तिथून फोर्ट कोची रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. रिक्षावाल्याशी आधीच ठरवा की दुकानात न्यायचं नाही. "पाच मिनिटं नुसतं बघा ताई" म्हणत मसाल्याच्या मोठाल्या दुकानांत नेतात, कमिशन असतं.

चालतीबोलती:

बोटीबद्दल. माझ्या सासूबाईंना नेलं होतं, त्यांचीही गुडघ्याचीच तक्रार. सरकारी जुनी फेरी स्वस्त आणि मजेची, पण चढताना धक्का आणि बोट यांच्यामधलं अंतर ओलांडावं लागतं, वर बोट हलत असते. वॉटर मेट्रोने न्या. हायकोर्टच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला जाते. तिचा धक्काच तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे बोट आणि फलाट एका पातळीत राहतात. चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत जाते. गारेगार एसी आणि मोठ्या काचा. पण संध्याकाळी परतीला रांग लागते, शनिवार-रविवारी तर विचारू नका. जाताना गाडीने मट्टानचेरी आणि येताना बोट, असं केलंत तर चारच्या आत परतीच्या रांगेत उभ्या राहा.

पोथीनिष्ठ:

इतिहासाच्या बाई आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. मट्टानचेरीला चेरलाई भागात कोकणी बोलणारे गौड सारस्वत राहतात. गोव्यात पोर्तुगिजांचा जाच वाढला तेव्हा दक्षिणेकडे सरकलेली ही माणसं. त्यांचं तिरुमला देवस्वम् तिथेच आहे, व्यंकटेशाचं. वेंगुर्ल्याच्या माणसाने तिथे दोन वाक्यं बोलून बघावीत.

आणखी एक. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला. त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं १६७५ सालचं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात कोकणीत, देवनागरी अक्षरांत छापलेलं आहे. सतराव्या शतकात, ॲम्स्टरडॅममध्ये, देवनागरी! हे आत्यांना बोटीत बसल्यावर सांगा.

मधलाबाक:

सगळं छान, पण आत्याला विचारलंस का तिला नक्की काय बघायचंय?

सागरगोटा:

@मधलाबाक, नव्हतं विचारलं. आत्ता फोन केला. ऐका उत्तर.

"मला वास्को द गामाला पुरलं ती जागा बघायचीय. बाकी तू म्हणशील ते."

दरवर्षी धडा असायचा. १४९८, कालिकत, झामोरिन. आणि दरवर्षी मागच्या बाकावरचं कुणीतरी विचारायचंच, "बाई, मग तो मेला कुठे?" ही सांगायची, कोचीनला, १५२४, नाताळच्या आदल्या दिवशी. तीस वर्षं न बघता सांगितलं म्हणे. मी इथे राजवाडा की सिनेगॉग म्हणून डोकं फोडतेय आणि हिच्या यादीत दोन्ही नाहीत!

ते चर्च शुक्रवारी उघडं असतं ना?

खारंपाणी:

सेंट फ्रान्सिस. असतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेवढी टाळायची, तुमचा तो प्रश्नच नाही. परेड ग्राउंडला लागून आहे, सपाट रस्ता, आत बसायला बाकं. म्हणजे गुडघ्यांच्या दृष्टीने कोचीतली सगळ्यात सोयीची जागा. फक्त आधी सांगून ठेवा, आत दगड आहे, वास्को नाही. अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले.

सागरगोटा:

ते तिला माहीत आहे. मला नव्हतं.

तिखटमीठ:

जेवणाचं मी सांगते. शुक्रवारी जाताय म्हणजे शनिवारचा प्रश्न मिटला. करिमीन मागवा, म्हणजे आपलं काळुंदर. केळीच्या पानात गुंडाळून भाजतात. काटे बारीक, पण वेंगुर्ल्याच्या बाईला काट्याचं काय शिकवायचं. आमटीत कुडमपुळी असते, कोकमाची चुलत बहीणच. जाळ्यांजवळ मासे विकत घेऊन बाजूला तळून देतात, ते हौसेला ठीक. भाव आणि वजन आधी ठरवून घ्या.

सागरगोटा:

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, आणि थोडक्यात हकीकत.

सकाळी दहाला सिनेगॉग, मोज्यांसकट. आत्या अर्धा तास मान खाली घालून दोन सारख्या फरशा शोधत होती. राजवाडा बाहेरूनच बघितला. रिक्षावाल्याने ठरवूनही एका दुकानासमोर नेऊन उभं केलंच. आत्या रिक्षातून उतरलीच नाही. "मला गुडघा आहे," एवढंच मराठीत म्हणाली आणि समोर बघत राहिली. दोन मिनिटांनी त्याने गुमान रिक्षा चालू केली.

चर्चमध्ये शिरल्यावर उजव्या हाताला, जमिनीत, कठडा घातलेला दगड. मला वाटलं होतं ती भारावून वगैरे जाईल. तिने चष्मा पुसला, कठड्याला धरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "आखूडच आहे की." मग बाकावर बसून वर बघत राहिली. छताला कापडी पंखे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतल्या भोकांतून बाहेर जातात. पंखा ओढणारा माणूस बाहेर उन्हात, वारा आत साहेबाला. वास्कोपेक्षा त्या भोकांचे फोटो जास्त काढायला लावले तिने. "हे शिकवायला हवं होतं," असं दोनदा म्हणाली.

चिनी जाळ्यांपाशी भर दुपारी पोचलो, ते चुकलं. ऊन मी म्हणत होतं. पण एक जाळं वर येताना अगदी जवळून बघितलं: लांबलचक वासा, मागच्या टोकाला दोरखंडांना लोंबकळणारे मोठे धोंडे, माणसं दोर ओढतात तसतसे ते एकेक करून खाली टेकतात आणि जाळं वर. मिळाले किती, तर मूठभर बारके मासे आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. "यापेक्षा आमची रापण बरी," आत्या.

चेरलाईला वेळ उरला नाही. व्हान ऱ्हीडचं बोटीत सांगितलं, तर तिने मलाच उलट विचारलं, छापलं कसं, देवनागरीचे खिळे होते का तिथे? @पोथीनिष्ठ, उत्तर तुमच्याकडे.

शनिवारी ती पडून होती. मी एकटी जाऊन राजवाडा बघून आले आणि चित्रांचं तोंडी वर्णन केलं. आत फोटो काढू देत नाहीत.

आता शेवटचा प्रश्न. आत्याने अर्धा किलो कुडमपुळी घेतलीय आणि त्यातली निम्मी मला दिलीय. काळीकुट्ट, धुराचा वास येतो. कोकमासारखी थेट आमटीत टाकायची का?

तिखटमीठ:

थेट नको. धुऊन कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजव आणि पाण्यासकट घाल. चौघांच्या आमटीला दोन-तीन तुकडे खूप झाले. आणि अर्धा किलो?? नातवंडांपर्यंत पुरेल.

पोथीनिष्ठ:

खिळे नव्हते, ते पान ठसा कोरून छापलंय. आत्यांना सांगा, प्रश्न बरोबर जागी लागला.