मोबाइल ॲपच्या कोडमध्ये रूट (सर्व्हरकडे जाणारे पाथ) एकाच फाइलमध्ये, आणि स्क्रीनला सर्व्हरचं जेसन, म्हणजे त्याने पाठवलेला कच्चा डेटा, थेट दिसताच कामा नये. पटतंय का?

रात्रपाळी:
आमच्या ॲपमध्ये जो तो हवा तिथे पाथ लिहून मोकळा व्हायचा. सर्व्हरची आवृत्ती व्ही१ ची व्ही२ झाली तेव्हा अकरा जागा बदलल्या, बारावी राहिली. तेव्हापासून माझा हट्ट आहे: सगळे रूट एका फाइलमध्ये, आणि सर्व्हरचा रिस्पॉन्स आधी डीटीओत (सर्व्हरच्या साच्यातला ऑब्जेक्ट), मग मॅपरमधून (एका साच्यातून दुसऱ्यात नेणारा कोड) आपल्या मॉडेलमध्ये. मधली पायरी गाळायची नाही.

अर्धविराम:
रूटचं एक वेळ मान्य, पण फीचरवार. सगळ्यांची एकच फाइल म्हणजे रोज मर्ज कॉन्फ्लिक्ट, दोघांचे बदल एकमेकांवर आदळणार. मॅपर मात्र निव्वळ हमाली! इकडचं नाव उचलायचं, तिकडच्या नावात ठेवायचं. चाळीस फील्ड, चाळीस ओळी. परवाच एका मॅपरमध्ये बिलिंगचा पत्ता डिलिव्हरीच्या पत्त्यात गेलेला सापडला. मॅपर नसता तर ही चूक करायला जागाच नव्हती.

रात्रपाळी:
हमाली खरी. पण सर्व्हर आत्ता दुरुस्त करता येतो, लोकांच्या फोनमधलं जुनं व्हर्जन नाही. ऑर्डरच्या स्टेटसमध्ये सर्व्हरने एक नवी व्हॅल्यू आणली, तर आयफोनच्या स्विफ्ट भाषेतलं कोडेबल (जेसन वाचायची सोय) एनममध्ये, म्हणजे ठरलेल्या व्हॅल्यूंच्या यादीत, तशी केस न सापडल्यामुळे एरर फेकतं. ॲरेतली एक ऑर्डर अडली की अख्खी यादी गेली. पन्नास ऑर्डरी, स्क्रीन कोरी! डीटीओत स्टेटस साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवा, मॅपरमध्ये अनोळखीला ‘इतर’ म्हणा, पन्नासही दिसतात.

अर्धविराम:
त्यासाठी अख्खा थर? त्या एनमपुरता डिकोडर (जेसन वाचणारा कोड) लिहा की राव, पाच-सहा ओळींचं काम.

शेवटचा_कंस:
अँड्रॉइडकडून बोलते. आधी पार्सर (जेसन वाचणारी लायब्ररी) बघा, मग मॅपरवरून भांडा. आमच्या कॉटलिन भाषेत फील्ड नॉन-नल (रिकामं चालणार नाही असं) लिहिलेलं असलं तरी जीसॉन हा पार्सर त्यात नल गुपचूप घालतो. क्रॅश होतो भलत्याच स्क्रीनवर, आणि शोधत बसायचं आपण. कॉटलिनएक्स सीरियलायझेशन हा दुसरा पार्सर तिथल्या तिथे बोंब मारतो.
आणि रूट एका फाइलमध्ये ठेवून सगळं सुटत नाही हो. रेट्रोफिटमध्ये (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी) बेस यूआरएल ‘व्ही२/’ने संपतो, पण पाथ ‘/ऑर्डर्स’ असा स्लॅशने सुरू केलात तर व्ही२ गळून पडतं, रिक्वेस्ट थेट होस्टच्या मुळाशी. मग बसा ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, बघत.

रात्रपाळी:
स्लॅशचा मार मीही खाल्लाय. बरं, तारीख, रक्कम, स्टेटस, जिथे रूप बदलतं तिथेच मॅपर ठेवतो. देशांच्या यादीचा उद्याच उडवतो.

अर्धविराम:
आणि पत्त्याचा?

रात्रपाळी:
तो राहणार. तुमच्या बिलिंगवाल्या चुकीला टेस्ट हवी होती, मॅपरचा काय दोष?