मर्फीच्या पोटात ब्लूटूथ घालणं म्हणजे जीर्णोद्धार नव्हे

कथील:
या मंचावरचा परवाचा तो धागा पाहून डोकं फिरलं. घरचा जुना मर्फी रेडिओ माळ्यावरून काढला, 'आतला कचरा' भंगारात दिला, त्या जागी ब्लूटूथचा बोर्ड आणि दोन चायनीज स्पीकर. डायलमागे रंग बदलणारी एलईडीची पट्टी. खाली सगळे 'वा वा, वारसा जपलात!'

त्या कचऱ्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२ हे तिन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, जागेवर. काचेच्या आतला चंदेरी थर शाबूत. व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली की तो पांढरा पडतो, इथे तसं काही नाही. गँगच्या, म्हणजे स्टेशन लावायच्या कंडेन्सरच्या, पात्या सरळ, आयएफटीचे (आतल्या छोट्या जुळणीच्या ट्रान्स्फॉर्मरचे) कॅन कुणी पेचकस न लावलेले. अशा संचात बहुतेक वेळा गेलेले असतात ते मेणाचे पेपर कंडेन्सर आणि फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक. कपलिंग कंडेन्सर गळायला लागला की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्स्फॉर्मरचा बळी जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कटिंग चहाच्या भावात मिळणारा भाग बदलायचा कंटाळा, म्हणून अख्खा संच भंगारात?

ब्लूटूथ हवंच असेल तर मागे 'पीयू' लिहिलेली दोन भोकं असतात, ग्रामोफोनच्या पिकअपसाठी. मोबाईलचा आवाज तिथे द्या. गाणं तुमच्या मोबाईलचं, गळा ईसीएल ८२ चा. कुठे काही कापायला नको.

अळूवडी:
तो धागा माझाच. घरातला कचरा एवढ्या बारकाईने पाहिल्याबद्दल आभार. मेन्सचा ट्रान्स्फॉर्मर फोटोत दिसला नसेल, कारण तो आधीच जळून बाहेर आलेला होता. संच आमच्या गावातल्या एका मेकॅनिककडे गणपतीत दिला, होळीला परत आला तो न वाजता, आणि मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा, गायब! विचारलं तर म्हणे, 'ते नव्हतंच.' पुढचं हिरवं भोक तेव्हा काय उंदरांनी पाडलं होतं?

सासऱ्यांना सकाळी गाणी हवी होती, बस. आता ते स्वतः उठून नॉब फिरवतात. तुमचे व्हॉल्व्ह तुमच्या टेबलावर जपा.

कथील:
ताई, मेकॅनिकबद्दल सहानुभूती आहे. पण ट्रान्स्फॉर्मर गुंडाळून मिळतो. जळका का होईना, जुना कोअर घेऊन गेलात की त्यावरच हाय टेन्शनची वाइंडिंग आणि व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरचे ६.३ व्होल्ट करून देणारे लोक आहेत अजून.

अळूवडी:
आमच्या तालुक्यात तर मिक्सरची मोटर गुंडाळणारासुद्धा आता दुकान बंद करून मुलाकडे गेला. पत्ता द्या, मग शहाणपण द्या.

चोरबाजारी:
दोघांचंही चुकतंय. खरे गुन्हेगार ते 'अँटिक'वाले. खोक्याला टचवुड फासायचं, पुढे नवीन पिवळं कापड ठोकायचं, डायलची काच कोमट पाण्याने पुसता पुसता स्टेशनांची नावंच पुसून टाकायची, आणि 'वर्किंग कंडिशन' म्हणून विकायचं. मी घेतलेल्या एकात मागचा पुठ्ठा काढला तर आत एफएमचा पॉकेट रेडिओ सेलोटेपने चिकटवलेला! त्यापेक्षा अळूवडी ताईंनी निदान खोटं तरी नाही सांगितलं.

खट्याळकाका:
संच जिवंत करून ऐकणार काय, ते सांगा. लहानपणी खोलीभर जाळीची एरियल ताणलेली असायची, तिच्यावर २५ आणि ४१ मीटरला रेडिओ सिलोन यायचं. १९५७ साली विविध भारती सुरू झाली ती सिलोनवर गेलेल्या श्रोत्यांना परत आणायला, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. आता मीडियम वेव्ह लावली की नुसतं घर्रर्र. प्रत्येक एलईडी बल्ब, प्रत्येक चार्जर, सोसायटीच्या लिफ्टचा ड्राइव्ह, सगळे एकदम बोलतात. गच्चीवर वायर टाकू म्हटलं तर सेक्रेटरी म्हणतो, 'वीज पडेल, लेखी अर्ज करा.' अर्ज केला. उत्तर नाही. त्याच गच्चीवर त्याच्या स्वतःच्या दोन डिश आहेत!

फेज टेस्टर:
कथील यांचा पीयूचा सल्ला वाचून काटा आला. सगळे संच 'ई' मालिकेचे, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरवाले, नसतात हो! यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे नंबर दिसले तर तो एसी-डीसी संच. काही ठिकाणी तेव्हा डीसी पुरवठा होता, शिवाय ट्रान्स्फॉर्मरचा खर्च वाचायचा. हीटर सगळे मालिकेत, प्रत्येकी १०० मिलिअँपिअरचे, आणि मेन्सची एक तार सरळ चॅसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला. दोन पिनांचा प्लग उलटा गेला की चॅसिसवर फेज. नॉबच्या स्क्रूवर मेण का भरलेलं असायचं, शोभेला? अशा संचाच्या मागे कुणी मोबाईलची वायर खुपसली तर?

जुना मेकॅनिक:
उगाच घाबरवू नका. अशा संचांत हात घालण्यात उभी हयात गेली. रबरी चप्पल, एक हात खिशात, झालं. फार वाटलं तर चॅसिसला अर्थिंग द्यावं.

फेज टेस्टर:
अर्थिंग?? प्लग उलटा लागला तर फेज थेट जमिनीत, म्हणजे सरळ शॉर्ट. तुमची हयात गेली ती नशिबाने. शेजारच्या आळीतला एक रेडिओवाला नॉब निघालेला संच दांड्याने फिरवत होता, पायाखाली ओली फरशी. मी तिथेच उभा होतो. वाचला, पण हात वर्षभर धड चालला नाही. त्याच्याही पायात चप्पल होती.

जुना मेकॅनिक:
पुस्तकं वाचून आम्हाला शिकवू नका. तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हा आम्ही सीटीसीने बँड स्विच धूत होतो.

फेज टेस्टर:
सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड! यकृत खराब करणारं. त्याचाही अभिमान! बरं.

कथील:
भांडू नका. माझ्या डोक्यात ट्रान्स्फॉर्मरवाले संच होते, आणि ताईंचा 'ई' मालिकेचाच होता. शिवाय ब्लूटूथ म्हटल्यावर मोबाईल हातात आणि बोर्ड खोक्यात, वायर येते कुठे?

फेज टेस्टर:
'मोबाईलचा आवाज तिथे द्या' हे तुमचंच वाक्य. वाचणारा ऑक्सची वायरच घालणार. आणि बोर्डाला वीज कशाची, तर स्वस्तातल्या चार्जरची. चॅसिसवर २३० व्होल्ट आणि मध्ये इन्सुलेशन त्या चार्जरचं. मी झोपलो नसतो.

चोरबाजारी:
म्हणजे शेवटी अळूवडी ताईंचा पोकळ खोकाच सगळ्यांत सुरक्षित. हा हा.

अळूवडी:
हे चौकटीत लावून हॉलमध्ये टांगते.

कथील:
टांगा. चॅसिस खरंच गेलेलं असेल, गंज लागून आयएफटी तुटलेले असतील, तर खोकं वापरा, मी काही बोलणार नाही. पण व्हॉल्व्ह, गँग, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर पिशवीत भरून कुणा छंदिष्टाला द्या. किलोच्या भावात देऊ नका, एवढं तरी कबूल करा.

अळूवडी:
एवढं कबूल. तेही तुम्ही पुन्हा 'डोकं फिरलं' वगैरे लिहिणार नसाल तर.

खट्याळकाका:
माझ्याकडचा 'यू' मालिकेचाच निघाला, आत्ता पुठ्ठा काढून पाहिलं. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावलेला. आता काय करू?

फेज टेस्टर:
प्लग आधी भिंतीतून काढा, मग पुढचं वाचा. एकास एक आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर घ्या, म्हणजे व्होल्टेज तेवढंच, पण मेन्सशी थेट जोड नाही. असा संच चाळीस-पन्नास वॅट ओढतो, १०० व्हीएचा पुरतो. त्याच्यामागे सिरीज बल्ब, म्हणजे संचाच्या वाटेत मालिकेत जोडलेला बल्ब, लावून पहिल्यांदा चालू करा, बल्ब उजळून तसाच राहिला तर लगेच बंद. पीयूला काहीही लावू नका. आणि ऑटोट्रान्स्फॉर्मर गळ्यात मारायला बघतील, तो चालत नाही, त्यात मेन्स वेगळी होत नाही.

जुना मेकॅनिक:
बल्ब १०० वॅटचा, जुना तारेचा. नाहीतर एलईडी लावाल.

खट्याळकाका:
तारेचा बल्ब कुठे मिळतो आता? सेक्रेटरीने जिन्यातलेसुद्धा काढून टाकले.