प्रतिसाद: व्हाइट्सबॉगची सहल, तळं कधी लाल दिसतं?

एडिसनहून ऑक्टोबरमध्ये सगळे मिळून न्यू जर्सीतल्याच व्हाइट्सबॉगला, म्हणजे क्रॅनबेरी (लाल, आंबट फळ) पिकवणाऱ्या जुन्या गावाला, लाल तळं बघायला जायचं ठरतंय, त्यात क्रॅनबेरी तळ्यातच वाढते असा एक गैरसमज दिसला. क्रॅनबेरी पाण्यात वाढत नाही. ती आम्लधर्मी, वाळूमिश्रित पीट जमिनीवर पसरणारी वेल आहे. पाणी सोडतात ते तोडणीला आणि हिवाळ्यात वेल गोठू नये म्हणून. त्यामुळे तोडणी नसेल त्या दिवशी फक्त तांबूस-हिरवं मैदान दिसेल.

तोडणीच्या वेळी आधी वाफ्यात वीतभर पाणी भरतात. फिरत्या दांड्यांचं यंत्र वेली झोडपतं. मग पाणी गुडघ्यापर्यंत चढवतात. फळात हवेचे चार कप्पे असल्यानं ती तरंगतात. तरंगत्या कुंपणानं त्यांना एका कोपऱ्यात ओढून पंपानं उचलतात. म्हणजे ते लाल तळं थोड्या वेळाचंच. तोडणी दाखवणारी फेरी हवी असेल तर तारीख विचारून आधीच नोंदणी करा. आयत्या वेळी गेलात तर फक्त जुनं गाव बघून परत याल.

अर्थात गावही कमी नाही. इथल्या शेतमालकाची मुलगी एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्या प्रयोगांतून लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक 1916 मध्ये इथूनच बाजारात गेलं.

बांधांवरचे रस्ते भुसभुशीत वाळूचे आहेत. लहान गाडीची चाकं रुततात, तेव्हा गावातच लावून चाला. गोचिडी असतात, पँट मोज्यात खोचा.

ताजी फळं मिळाली तर करवंदांसारखं लोणचं घाला. नुसती खायला मात्र फारच आंबट.