ॲडिक्स-बार्कर : धरणाने काम चोख केलं, मग भरपाई कशाची?

पाणीवाटप
ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन मातीची धरणं आहेत. पश्चिमेच्या केटी उपनगराकडची आपली बरीच मंडळी हायवे ६ ने रोज त्यांना लागून जातात आणि तरी ‘धरण? इथे कुठे?’ म्हणून विचारतात. दिसणार तरी काय! आत पाणीच नसतं. बार्करच्या जलाशयात जॉर्ज बुश पार्क आहे, ॲडिक्सच्या जलाशयातही बागा आणि मैदानं आहेत. गवताळ बांध उंचीला बेताचे, पण दोन्ही मिळून लांबी साधारण ४० किलोमीटर.

१९२९ आणि १९३५ च्या पुरांनी ह्यूस्टन शहराला झोडपलं, म्हणून अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ती बांधली. बार्कर १९४५ ला पूर्ण झालं, ॲडिक्स १९४८ ला. काम एकच. मोठा पाऊस आला की दारं लावायची, शहरातला पूर ओसरला की साठलेलं पाणी बफेलो बायूत, म्हणजे शहरातून वाहणाऱ्या संथ नदीत, सावकाश सोडायचं.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात जलाशय भरले, पाणी मागे फुगलं आणि वरच्या अंगाच्या हजारो घरांत शिरलं. लोक कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीश लेटो यांनी सरकारला जबाबदार धरलं. मला हा निकाल पटत नाही. पूर अडवायला बांधलेल्या धरणाने पूर अडवला. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या मंजूर नकाशांवर ‘इथे जलाशयाचं पाणी येऊ शकतं’ अशा अर्थाची टीपही होती. धरणाच्या पोटात घर घ्यायचं आणि बिल करदात्यांच्या नावावर फाडायचं, हा कुठला न्याय?

बुडीत_सातबारा
साफ असहमत. पोट कोणाच्या मालकीचं ते आधी बघा.

सरकारने ॲडिक्सला समुद्रसपाटीपासून साधारण १०३ फुटांपर्यंतची जमीन घेतली, बार्करला ९५ फुटांपर्यंतची. बांध मात्र त्याहून बरंच जास्त पाणी पेलतील असे उभारले. हार्वेत पातळी गेली अनुक्रमे १०९ आणि १०१ फुटांच्या वर. म्हणजे मधल्या सहा फुटांत जे पाणी थांबलं, ते लोकांच्या जमिनीवर, लोकांच्या दिवाणखान्यात थांबलं. ते आपोआप तिथे गेलं नाही. बांध आहे म्हणून थांबलं, दारं लावली म्हणून चढलं. खालचं शहर वाचवायला वरच्याची जागा वापरलीत तर तिचे पैसे द्या, इतकं साधं आहे.

आपल्याकडच्या धरणग्रस्तांचे हाल मी सांगायला नकोत. कोयनेच्या लोकांचं पुनर्वसन अजून रखडलेलं आहे. पण बुडीत क्षेत्र ठरवून ते कागदोपत्री तरी संपादित करतात. इथे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाने तेवढंही केलं नाही.

पाणीवाटप
१९४० च्या दशकात तिथे भातशेती आणि गुरांची कुरणं होती. कुरणात चार दिवस पाणी उभं राहिलं तर कोणाचं काय जातं? तेवढ्यासाठी सगळी जमीन विकत घेणं उधळपट्टी ठरली असती. कुरणावर वसाहत बिल्डरने आणली, परवानगी काउंटीने दिली. त्यांना धरा.

बुडीत_सातबारा
बिल्डरला धराच, माझी ना नाही. पण बांधाच्या मागे घरं उठताना दलाचे अधिकारी डोळे मिटून बसले नव्हते. पाणी सरकारी हद्द ओलांडून जाऊ शकतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि लेटोंच्या निकालाचा कणा तोच आहे. आणि ती टीप! ती काउंटीच्या दप्तरातल्या नकाशावर. घर घेणारा बघतो तो बँकेचा कागद आणि पूरविम्याचा नकाशा. यातली बहुतेक घरं त्या नकाशात शंभर वर्षांच्या पूररेषेबाहेर (दरवर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराच्या हद्दीबाहेर) होती, म्हणून बँकेने विमाही मागितला नाही.

मेमोरियलच्या_खाली
वरच्यांचं भांडण रंगलंय, खालच्यांची आठवण कोणाला आहे का? २८ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास दारं उघडली. एरवी दोन्ही धरणांचा मिळून विसर्ग २ हजार क्युसेकच्या आसपास राखतात, तो १३ हजारांवर नेला. पावसातून तरलेली बायूकाठची घरं सोडलेल्या पाण्यात गेली. न्यायाधीश स्मिथ यांनी २०२० मध्ये या लोकांचा दावा फेटाळला, कारण काय तर पुरापासून पूर्ण मुक्त राहण्याचा हक्कच टेक्ससच्या कायद्यात नाही. जून २०२२ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला आणि प्रकरण परत खाली पाठवलं. धरण एक, पाणी एक, आणि बांधाच्या कुठल्या बाजूला राहता त्यावर न्याय वेगळा!

निवृत्त_उपअभियंता
पाटबंधारे खात्यात हयात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

धरण मातीचं आहे, हे सगळे विसरताय. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते बहुधा तग धरतं. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की बांध कापत जातं, मग थांबवता येत नाही. शिवाय पाणी जितकं उंच आणि जितके दिवस उभं, तितका पाझराचा धोका. या दोन धरणांना २००९ मध्येच अत्यंत धोकादायक वर्गात टाकलं होतं, आणि चिंतेचं मोठं कारण विसर्गाच्या नळांभोवतीचा पाझर हेच होतं. पुढे नवीन विसर्गद्वारं बांधली, पण ती हार्वेनंतर पुरी झाली. २९ ऑगस्टला ॲडिक्सच्या उत्तर टोकाला वळसा घालून पाणी आपोआप बाहेर पडू लागलं, पहिल्यांदाच. अशा वेळी दारावर बसलेल्या माणसाला ‘का उघडलीस’ विचारणं सोपं असतं. पानशेतही मातीचंच. काम अपुरं असताना पाणी भरलं, १२ जुलै १९६१ ला फुटलं, खालचं खडकवासलाही गेलं आणि पुणं बुडालं.

‘आधीच का नाही सोडलं’ हा प्रश्नही येईल, म्हणून सांगून ठेवतो. ही कोरडी धरणं. पावसाआधी सोडायला आत होतं काय? आणि पाऊस सुरू झाल्यावर बायू खालच्याच पाण्याने भरलेली.

मेमोरियलच्या_खाली
साहेब, दार उघडणाऱ्या माणसावर माझा राग नाहीच. उघडावं लागलं, मान्य. पण शहराच्या भल्यासाठी निवडक लोकांची घरं बुडवणं ‘भाग होतं’ म्हटलं, म्हणजे भरपाईचा मुद्दा आणखी पक्का होतो.

पाणीवाटप
उपअभियंता साहेबांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. दुसरा मार्ग नव्हता. आपत्तीत शहर वाचवणं म्हणजे जमीन बळकावणं नव्हे.

निवृत्त_उपअभियंता
मी दार उघडण्याबद्दल बोललो. जमीन न घेण्याबद्दल नाही. त्यात मी बुडीत_सातबारांच्या बाजूने आहे.

डेक्कनचा_पूल
म्हणजे आमच्या सिंहगड रस्त्याचंच झालं की! जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि एकतानगरीत पाणी. निळी पूररेषा, लाल पूररेषा सगळं कागदावर. फ्लॅट विकताना रेषेचा रंग कोण सांगतो?

पाणीवाटप
विषयांतर. खडकवासला पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, ते भरलेलं ठेवावं लागतं. ॲडिक्स-बार्कर रिकामं ठेवायचं धरण आहे. हिशेबच वेगळा.

डेक्कनचा_पूल
हिशेब वेगळा असेल. गाळ मात्र सारखाच काढावा लागतो, राव.

केटीची_सून
पुढे काय करायचं त्यावर कोणी बोलेल का? २०२० मध्ये दलाने अंतरिम अहवाल काढला. त्यात दोन मोठे पर्याय होते. एक, सायप्रस क्रीक या ओढ्याकडे केटीच्या गवताळ प्रदेशात तिसरं धरण. दोन, बफेलो बायू खोल-रुंद करणं. दोन्हींवर लोकांनी झोड उठवली. पक्षी आणि गवताळ जमीन जपणारे धरणाविरुद्ध, बायूकाठचे खोदाईविरुद्ध. मग जमिनीखालून बोगद्याने पाणी न्यायची चर्चा. मला विचाराल तर जे गवत उरलंय ते राखा. त्याची खोल मुळं बरंच पाणी मुरवतात, आणि त्यावर उद्या वसाहत उठली तर तेच पाणी छपरांवरून थेट जलाशयात येईल.

निवृत्त_उपअभियंता
गवत राखाच, पण हार्वेत काही ठिकाणी चार-पाच दिवसांत हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, ताई. भिजलेली चिकणमाती त्यापुढे काही पीत नाही. साठवण लागेलच.

पाणीवाटप
तिसरं धरण हाच खरा उपाय. विरोध करणाऱ्यांनी पुढच्या वादळात तक्रार करू नये.

बुडीत_सातबारा
बांधा की. फक्त जमीन किती फुटांपर्यंत विकत घेणार, तो आकडा पहिला कुदळ पडायच्या आधी जाहीर करा.