मदत हवी आहे : लालबागच्या मसाल्याची साइट कर्ली डिरेक्टरीत कुठल्या विभागात सुचवायची?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांचं लालबागला मिरची-मसाल्याचं दुकान आहे. मार्च ते मे तिथे नाकाला रुमाल लावूनच उभं राहावं लागतं, पावसाळ्यानंतर मात्र निवांतपणा. त्या निवांत महिन्यांत मामेबहिणीने दुकानाची साइट बनवली. नुसती भावपत्रकाची नाही. मालवणी, आगरी-कोळी, वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला, प्रत्येकाचं प्रमाण दिलंय. रंगाला ब्याडगी किती, तिखटाला लवंगी किती, कुठला खडा मसाला कोरडा भाजायचा आणि कुठला तेलावर, सगळं मामांना विचारून. बहुतेक पानं मराठीत, थोडी इंग्रजीत.

आता प्रश्न. ही साइट कर्लीमध्ये सुचवायची आहे. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : डीमॉझ म्हणजे माणसांनी बघून विषयवार लावलेली वेबसाइटांची यादी, म्हणजेच डिरेक्टरी. ते २०१७च्या मार्चमध्ये बंद झालं, त्यानंतर तिथल्याच स्वयंसेवक संपादकांनी चालू ठेवलेली डिरेक्टरी ती ही.) पण विभाग कुठला निवडायचा? मराठी भाषेचा, मुंबईचा, खरेदीचा की पाककृतींचा? चारही पटतात.

दुसरं म्हणजे, एक एसईओवाले (गूगलच्या शोधात साइट वर आणून देतो म्हणणारे) गृहस्थ मामांना भेटून गेले. त्यांचं म्हणणं, दर आठवड्याला पुन्हापुन्हा सुचवायचं, आणि ‘आतल्या’ संपादकाला काही दिलं की काम लगेच होतं. मामा पाकीट काढायच्या बेतात आहेत, त्यांना जेमतेम थोपवून ठेवलंय. त्या गृहस्थांनी लिहिलेलं वर्णन असं : ‘मुंबईतील नंबर एक अस्सल घरगुती मसाले, सर्वोत्तम दर, मसाले मुंबई, मसाले लालबाग, आजच भेट द्या!’

जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :

डीमॉझवर काही वर्षं संपादक होतो, म्हणून लिहितो. आधी मामांना पाकीट खिशात ठेवायला सांगा. नोंद फुकट असते. पैसे घेणाऱ्या संपादकाचे अधिकार काढले जायचे, तेव्हा असा ‘आतला माणूस’ खरोखर असलाच तरी तो फार दिवस आत राहत नाही. बहुतेक वेळा तो नसतोच.

दर आठवड्याला सुचवणं तर अंगाशी येतं. संपादक आपल्या सवडीने, आवडीच्या विभागात काम करतो. रांगेतला पुढचा नंबर घेण्याचं बंधन त्याच्यावर नसतं. त्यात एकच पत्ता सारखा समोर आला की त्या साइटकडे संशयानेच बघितलं जातं. एकदा नीट सुचवा आणि विसरून जा. महिने लागतील, कदाचित त्याहून जास्त.

विभागाचं : साइटची भाषा आधी बघतात. मराठी पानं ‘वर्ल्ड’खाली (इंग्रजी सोडून बाकी भाषांचा विभाग) जो मराठीचा भाग आहे तिथे जातील. इंग्रजी पानं पुरेशी भरलेली असतील तरच इंग्रजीतला मुंबईचा विभाग वेगळा सुचवा. तिथे नुसतं ‘आमच्याबद्दल’ आणि फोन नंबर असेल तर नको. खरेदीच्या विभागासाठी साइट बघून माल घरी मागवता आला पाहिजे. येतो का?

वर्णनाबद्दल काय बोलू! असं वर्णन आलं की आम्ही ते पुसून स्वतः लिहायचो, आणि कंटाळा आला तर साइटच बाजूला ठेवायचो. शीर्षकात फक्त दुकानाचं नाव. वर्णनात तिथे काय मिळतं तेवढंच, एक-दोन ओळींत. तुमच्याकडची प्रमाणं हीच खरी चीज आहे, दुसऱ्या साइटवरून उचललेली नसतील तर संपादक नक्की थांबून वाचेल.

प्रतिसाद :

थोडं कडू बोलतो. हा खटाटोप कशाला? एके काळी गूगल स्वतःची डिरेक्टरी डीमॉझच्या माहितीवर चालवायचं, तेव्हा एका नोंदीला वजन होतं. ती गूगल डिरेक्टरी २०११मध्येच बंद झाली, याहूची २०१४मध्ये. आज लालबागला मसाला शोधणारा माणूस फोनवर नकाशा उघडतो. तिथे दुकानाची वेळ, फोटो, सोमवारी उघडं की बंद एवढं बरोबर भरा, गिऱ्हाईक येईल.

धागाकर्ती :

दोघांचेही आभार. नकाशावरची माहिती आजच तपासली, वेळ चुकीची होती, बदलली. पण कर्लीचा हट्ट सोडत नाही. गिऱ्हाईकापेक्षा ती प्रमाणं कुठेतरी माणसाने वाचून नोंदवलेली असावीत असं वाटतं. साइट बघून माल घरी मागवता येत नाही, त्यामुळे खरेदीचा विभाग सोडला. फक्त मराठीत सुचवते. नवं वर्णन :

‘लालबाग, मुंबई येथील मसाल्याचे दुकान. मालवणी, आगरी-कोळी व बॉटल मसाल्याची अस्सल प्रमाणे, मिरच्यांचे प्रकार व भाजण्याच्या पद्धती.’

प्रतिसाद (माजी संपादक) :

छान. फक्त ‘अस्सल’ काढा, ते संपादक ठरवू शकत नाही. आणि वेळ असेल तर स्वतःच संपादक होण्यासाठी अर्ज करून बघा. विभाग छोटा निवडा, अर्जात नमुन्याच्या नोंदींसाठी मामांच्या दुकानाशी संबंध नसलेल्या साइट द्या. स्वतःची साइट असेल तर ती अर्जात उघड सांगायची असते, लपवली तर तिथेच अर्ज बाद.